डॉ. पर्सी ज्युलियन : वर्णभेदाच्या भिंती आणि एका रसायनशास्त्रज्ञाची चिकाटी

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोयाबीन हे पीक आपल्याला आता नवे राहिलेले नाही. पावसाळ्यात विदर्भातून किंवा मराठवाड्यातून एस.टी.ने प्रवास केला, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोगणती तेच पीक उभे दिसते. अलीकडच्या खरीप हंगामांत आपल्या राज्यातील ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र या एका पिकाखाली आहे. त्याचे तेल निघते, पेंड निघते आणि त्याच्या भावावरून बाजार समित्यांच्या आवारात वादही रंगतात. पण या दाण्याच्या तेलातून मानवी शरीरातील संप्रेरके, म्हणजे ज्यांना आपण हार्मोन म्हणतो ती, मोठ्या प्रमाणावर तयार करून दाखविणारा माणूस एका गुलामाचा नातू होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या माणसाचे नाव डॉ. पर्सी लाव्हॉन ज्युलियन. व्यवसायात वर्णभेदाशी झुंज कशी द्यावी लागते आणि त्या झुंजीची किंमत कोण मोजतो, या विषयावर बोलावयाचे ठरले, तेव्हा मला त्यांचेच चरित्र सर्वांत योग्य वाटले.

मराठी वाचकाला अमेरिकेतील या प्रश्नाची ओळख फार जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. अमेरिकेच्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी १८६५ साली संपुष्टात आली होती. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत त्या घटनेचा अर्थ पुण्यातील एका विचारवंताने आपल्या समाजासाठी लावला होता. पुढे १९८१ साली श्रीमती वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे भुईमुगावर संशोधन करणारे डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. ज्युलियन हे कार्व्हर यांच्या पुढच्या पिढीचे. कार्व्हर यांचे कार्य मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या संस्थेत झाले. ज्युलियन यांनी मात्र गोऱ्यांच्या विद्यापीठांची, गोऱ्यांच्या कारखान्यांची आणि शेवटी गोऱ्यांच्या वस्तीची दारे ठोठावली. त्यामुळे गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही ती कोणकोणत्या कपाटांत आणि कागदांत दडून बसली होती, हे त्यांच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसते.

ज्युलियन यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी या शहरी झाला. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून होते आणि आई शिक्षिका होती. सहा भावंडांत पर्सी थोरले. त्यांचे आजोबा गुलामीत जन्मलेले. गुलामाने लिहावयास शिकणे हा त्या काळी अपराध मानला जाई, आणि तो अपराध केल्याबद्दल आजोबांच्या हाताची दोन बोटे तोडण्यात आली होती. १९१६ साली पर्सी शिक्षणासाठी उत्तरेकडे निघाला, तेव्हा स्टेशनवर निरोप देताना हललेला तो तीन बोटांचा हात आपण कधी विसरलो नाही, असे ज्युलियन पुढे आपल्या भाषणांतून सांगत.

माँटगोमेरीत त्या वेळी कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी हायस्कूल नव्हते. त्यांच्यासाठी असलेल्या एका अध्यापन विद्यालयात जेवढे शिकावयास मिळाले, तेवढीच त्यांची शिदोरी होती. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथील डीपॉ विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, पण महाविद्यालयाच्या अभ्यासाबरोबर राहिलेले शालेय विषयही पुरे करण्याची अट घातली. म्हणजे दोन वर्षे हा मुलगा एकाच वेळी शाळेतही शिकत होता आणि महाविद्यालयातही. आपल्या ग्रामीण भागातून शहरात आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या शिक्षकांना या दुहेरी ओझ्याची कल्पना निराळी सांगावयास नको.

राहण्याचा आणि जेवणाचा प्रश्न

अभ्यासापेक्षाही बिकट प्रश्न होता तो राहण्या-जेवण्याचा. वसतिगृहात त्यांना जागा नव्हती. ज्या खानावळवजा घरात खोली मिळाली, तेथे जेवण वाढण्यास नकार मिळाला. गावात कोठे जेवता येईल, हे शोधण्यातच पहिले दिवस गेले. अखेर विद्यार्थ्यांच्या एका निवासात भट्टी पेटविण्याचे आणि पंक्तीत वाढण्याचे काम त्यांनी पत्करले आणि त्या बदल्यात माळ्यावर झोपावयास जागा मिळविली. ज्या मुलांना ते ताटे वाढीत, त्यांच्याच शेजारी दुसऱ्या दिवशी ते वर्गात बसत. १९२० साली पदवी परीक्षेत ते सर्वांत पहिले आले.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९१६ सालच्या उन्हाळ्यात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन आटोपून लंडनला गेले, आणि त्याच वर्षी ज्युलियन डीपॉला पोहोचले. दुसऱ्या वर्षी, १९१७ मध्ये, बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी लोकांच्या एका विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला, तर तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीत पिण्याच्या पाण्याची अडचण, आणि शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्यावरही सहकाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली. वर्ण आणि जात या दोन गोष्टी एकच आहेत, असे मला म्हणावयाचे नाही. त्यांचा इतिहास वेगळा, त्यांची मुळे वेगळी. पण ज्ञानाच्या क्षेत्रात वर चढलेल्या माणसाला अडविण्याची रीत मात्र दोन्हीकडे चमत्कारिकपणे सारखी होती : त्याच्या बुद्धीविषयी कोणी बोलत नसे, त्याने कोठे झोपावे आणि कोणत्या भांड्यातले पाणी प्यावे, यावरच सारे अडत असे. स्वतः बाबासाहेबांनीही हे साम्य जाणले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डॉ. ड्यू बॉइस यांच्याशी याच संदर्भात पत्रव्यवहार केला होता.

हितचिंतकांचा सल्ला

पदवीनंतर काय झाले, ते शिक्षकबंधूंनी जरा लक्षपूर्वक ऐकावे, अशी माझी विनंती आहे. वर्गातील इतर हुशार मुलांना पुढील संशोधनासाठी निरनिराळ्या विद्यापीठांतून शिष्यवृत्त्या मिळाल्या. पहिल्या आलेल्या मुलाला एकही मिळाली नाही. त्यांचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना उत्तरे आली. त्या उत्तरांत शिवीगाळ नव्हती की तुच्छतेचा एक शब्द नव्हता. मुलगा हुशार आहे हे मान्य. परंतु डॉक्टरेट मिळविल्यावर त्याला उद्योगात किंवा विद्यापीठात नोकरी देणार कोण? उगीच त्याच्या पदरी निराशा येईल. तेव्हा त्याला आताच परावृत्त करावे आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या एखाद्या महाविद्यालयात शिकविण्यास पाठवावे. तेवढ्यासाठी डॉक्टरेटची गरज नाही, असा त्या पत्रांचा आशय होता.

माझ्या मते ज्युलियन यांच्या वाट्याला आलेला हा सर्वांत घातक नकार होय. दगड मारणारा माणूस ओळखू येतो. हिताचा सल्ला देणारा ओळखू येत नाही. ‘या मुलीला विज्ञान शाखा झेपणार नाही’, ‘याच्या घरी अभ्यासाचे वातावरण नाही, त्याला एखाद्या हातकामाच्या अभ्यासक्रमाला घाला’, असे जेव्हा कोणी पूर्ण सद्भावनेने म्हणतो, तेव्हा तो मुलाची कुवत तोलत असतो की समाजाची वागणूक आधीच गृहीत धरून तिच्यावर आपलाही शिक्का मारीत असतो, हे एकदा तपासून पाहावयास हवे.

ज्युलियन नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात शिकवू लागले. दोन वर्षांनी हार्वर्ड विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून १९२३ साली ते तेथून एम.ए. झाले. गुण उत्तम होते. पुढे पीएच.डी. करावयाची, तर साहाय्यक अध्यापकाची जागा मिळणे जरूर होते, कारण त्या वेतनावरच विद्यार्थी आपला निर्वाह करीत. ती जागा त्यांना देण्यात आली नाही. गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय माणसाकडून शिकून घेण्यास तयार होणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. विद्यार्थ्यांना कोणी विचारले होते काय? तसे दिसत नाही. दुसऱ्याच्या पूर्वग्रहाचे निमित्त करून आपला निर्णय घेणे कचेऱ्यांना नेहमीच सोयीचे वाटत आले आहे.

त्यानंतर वेस्ट व्हर्जिनियातील एका लहान महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९२९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून चालणाऱ्या शिक्षण मंडळाची शिष्यवृत्ती मिळून ते ऑस्ट्रियात व्हिएन्ना येथे गेले. तेथे प्राध्यापक अर्न्स्ट श्पेट यांच्या हाताखाली वनस्पतींतील अल्कलॉइड द्रव्यांवर संशोधन करून १९३१ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. व्हिएन्नात त्यांना प्रथमच असे आयुष्य लाभले, की ज्यात ते संगीताला, नाटकाला, मित्रांच्या घरी जेवणाला कोठेही जाऊ शकत. १९२० मध्ये पहिला आलेला विद्यार्थी १९३१ मध्ये डॉक्टर झाला. अकरा वर्षे! एखाद्या सामान्य गोऱ्या पदवीधराला याच्या निम्माही काळ लागला नसता. संशोधकाच्या आयुष्यात पंचविशी-तिशीतील वर्षे सर्वांत सकस असतात, आणि नेमकी तीच वर्षे दारांबाहेर उभे राहण्यात गेली.

मायदेशी परतल्यावर ते पुन्हा हॉवर्ड विद्यापीठात गेले, परंतु १९३२ साली अंतर्गत वादामुळे त्यांना ते सोडावे लागले. व्हिएन्नाहून लिहिलेल्या त्यांच्या खासगी पत्रांतील सहकाऱ्यांविषयीची परखड मते वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. माणूस फटकळ होता, महत्त्वाकांक्षी होता, आणि त्याची किंमतही त्याने मोजली. चरित्रनायकांना सर्वगुणसंपन्न करून टाकण्याची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. न्याय मिळण्यासाठी माणूस संत असावा लागत नाही.

द्रवणांकाची कसोटी

या कठीण प्रसंगी ब्लँचर्ड पुन्हा धावून आले आणि त्यांनी ज्युलियन यांना डीपॉ येथे संशोधक म्हणून बोलावून घेतले. पद तात्पुरते होते. व्हिएन्नातील त्यांचे स्नेही योझेफ पिक्ल हेही बरोबर होते. दोघांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून फायसोस्टिग्माईन या द्रव्याचे संश्लेषण करण्याचे ठरविले. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार नावाच्या विषारी शेंगेतून हे द्रव्य मिळते. ते डोळ्यातील दाब कमी करते, म्हणून काचबिंदूवर औषध म्हणून त्याचा उपयोग होत असे. त्याची रेणूरचना प्रयोगशाळेत पायरीपायरीने उभी करणे हे त्या काळी मोठे आव्हान होते.

याच द्रव्यावर ऑक्सफर्डमध्ये सर रॉबर्ट रॉबिन्सन यांचे पथक काम करीत होते. रॉबिन्सन हे त्या काळचे अग्रगण्य कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. पुढे १९४७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी एका मधल्या टप्प्यावरील पदार्थ तयार केल्याचे जाहीर केले होते. ज्युलियन आणि पिक्ल यांनी तोच पदार्थ तयार केला, तर त्याचे गुणधर्म ऑक्सफर्डच्या पदार्थाशी जुळेनात. दोघांपैकी एकाचे चुकले होते हे निश्चित. कोणत्याही साध्या संशोधकाने अशा वेळी आपलेच चुकले असे समजून गप्प बसणे पसंत केले असते. नोकरीची शाश्वती नसलेल्या कृष्णवर्णीय संशोधकाची चूक निघाली असती, तर त्याला दुसरी संधी मिळणे कठीण होते. ज्युलियन यांनी आपली निरीक्षणे पडताळून पाहिली आणि रॉबिन्सन यांचा पदार्थ तो नव्हेच, असे छापून जाहीर केले. १९३५ साली त्यांनी संश्लेषण पूर्ण केले, आणि त्यांच्या पदार्थाचा द्रवणांक शेंगेतून काढलेल्या नैसर्गिक पदार्थाशी जुळला. रसायनशास्त्रात द्रवणांक हा निर्विवाद साक्षीदार मानला जातो. काचेच्या नळीत पदार्थ ठराविक अंशावर वितळतो किंवा वितळत नाही. तो कोणाच्या हातांनी बनविला, हे त्याला कळत नाही.

जगातील रसायनशास्त्रज्ञांत नाव झाले. ब्लँचर्ड यांनी ज्युलियन यांना विद्यापीठात कायम प्राध्यापक नेमावे, असा आग्रह धरला. विश्वस्त मंडळ तयार झाले नाही. ड्यू पाँट या बलाढ्य रसायन कंपनीने दोघा संशोधकांशी बोलणी केली आणि नोकरी देऊ केली ती पिक्ल यांना. ज्युलियन यांच्याजवळ मात्र, ते कृष्णवर्णीय असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, म्हणून दिलगिरी व्यक्त करण्यात आली. त्यानंतर विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन येथील कागद-रसायन संस्थेला त्यांना घ्यावयाचे होते. तेथे गावचा नियम आडवा आला. कृष्णवर्णीय माणसाला रात्रीच्या मुक्कामास ठेवण्याची त्या गावात बंदी होती. संस्थेला शास्त्रज्ञ हवा होता, शास्त्रज्ञाला काम हवे होते, आणि कधीकाळी गावकीने करून ठेवलेला एक नियम दोघांच्या मध्ये उभा होता. तो नियम करणाऱ्यांनी पर्सी ज्युलियन हे नाव ऐकलेलेही नसणार. पंचायतींच्या दप्तरांत आणि गावच्या रूढींत असे जुने नियम कोठे कोठे झोपून असतात, याचा विचार येथील पंचायत सदस्यांनी अवश्य करावा.

सोयाबीनच्या तेलातून संप्रेरके

त्या संस्थेशी ग्लिडन कंपनीचे उपाध्यक्ष ओब्रायन यांचा संबंध होता. ग्लिडन ही रंग आणि तेलाचा व्यवसाय करणारी कंपनी. ॲपलटनला जे शक्य झाले नाही, ते आपण शिकागोत करू शकतो, हे ओब्रायन यांनी ओळखले आणि १९३६ साली ज्युलियन यांना सोया विभागाचे संशोधन संचालक म्हणून नेमले. अमेरिकेतील मोठ्या कारखान्याच्या संशोधन विभागाची सूत्रे कृष्णवर्णीय माणसाच्या हाती येण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. ज्युलियन त्या वेळी ३७ वर्षांचे होते. स्थिर म्हणता येईल अशी त्यांची ही पहिलीच नोकरी.

कंपनीला त्यांच्याकडून प्रथम हवे होते ते सोयाबीनमधील शुद्ध प्रथिन, कारण कागदावर लेप देण्यासाठी दुधातील केसीनऐवजी ते वापरता आले असते. ज्युलियन यांनी ते काढण्याची रीत बसविली आणि कारखाना उभा केला. याच प्रथिनापासून पुढे दुसऱ्या महायुद्धात तेलाच्या आगी विझविणारा फेस तयार झाला. अमेरिकेच्या नौदलातील खलाशी त्याला गमतीने ‘बीन सूप’ म्हणत. जहाजावर पेटलेल्या इंधनावर पाणी मारून उपयोग नसतो; हा फेस आगीवर पसरून तिला हवा मिळू देत नसे. त्याने अनेक खलाशांचे प्राण वाचविले.

परंतु ज्युलियन यांचे मन दुसरीकडे होते. डीपॉ येथे कॅलाबारच्या बियांचा अर्क काढताना स्टिग्मास्टेरॉल नावाच्या द्रव्याचे स्फटिक बाजूला पडलेले त्यांनी पाहिले होते. हे स्टेरॉल सोयाबीनच्या तेलातही असते आणि त्याची रेणूरचना मानवी संप्रेरकांच्या रचनेशी जवळची आहे. तेलातून ते स्वस्तात वेगळे कसे काढावे, एवढाच प्रश्न होता. १९४० साली एके दिवशी कारखान्यातून तक्रार आली की, शुद्ध केलेल्या तेलाच्या प्रचंड टाकीत पाणी झिरपले असून तळाशी पांढरा गोळा साचला आहे. दुसरा कोणी असता, तर माल खराब झाला म्हणून टाकी रिकामी करण्याचा हुकूम त्याने सोडला असता. ज्युलियन यांनी तो पांढरा साका तपासला, तर ते स्टेरॉल होते. पाण्यामुळे ते आपोआप तेलातून वेगळे झाले होते. त्या अपघाताचे त्यांनी पद्धतीत रूपांतर केले, आणि गर्भपात टाळण्यासाठी वापरले जाणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक, जे पूर्वी प्राण्यांच्या अवयवांतून अत्यल्प प्रमाणात मिळे, ते आता सोयाबीनपासून कारखान्यात तयार होऊ लागले.

१९४८ साली मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी आमवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोन वापरून पाहिले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक लाभले. अडचण होती ती द्रव्य मिळविण्याची. बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्यांनी ते तयार करावे लागे आणि त्यामुळे भयंकर महाग पडे. ज्युलियन यांनी १९४९ साली सोयाबीनच्या स्टेरॉलपासून ‘एस’ या नावाने ओळखले जाणारे संयुग बनविण्याची रीत शोधली. हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा त्यात केवळ एक ऑक्सिजन अणू कमी असतो. १९५२ साली दुसऱ्या एका कंपनीतील संशोधकांनी बुरशीच्या साहाय्याने तो अणू जागेवर बसविण्याची युक्ती काढली, आणि ही औषधे सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येण्याचा मार्ग मोकळा झाला. आज खेड्यापाड्यातील औषधांच्या दुकानातही हायड्रोकॉर्टिसोनची मलमे मिळतात. त्यामागे अनेकांचे हात आहेत, आणि त्यांत ज्युलियन यांचा हात मोठा आहे.

घराचे नळ

इतके झाल्यावर तरी समाजाने त्यांना आपले मानले असेल, असे आपल्याला वाटेल. शिकागोतील एका वृत्तपत्राने त्याच सुमारास त्यांना वर्षाचे नागरिक म्हणून गौरविले होते. १९५० साली त्यांनी शिकागोलगतच्या ओक पार्क या उपनगरात घर घेतले. त्या वस्तीत घर घेणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ते एक. पत्नी ॲना ज्युलियन याही समाजशास्त्राच्या पीएच.डी. होत्या. घराला पाणी जोडून देण्यास पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याने टाळाटाळ केली. न्यायालयात जाण्याची भाषा करावी लागली, तेव्हा नळाला पाणी आले. कुटुंब राहावयास येण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५० मध्ये, कोणी तरी घरात पेट्रोल ओतून ते जाळण्याचा प्रयत्न केला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकण्यात आले. आईवडील परगावी होते, मुले मात्र घरात होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. नंतर कित्येक रात्री ज्युलियन आपल्या लहान मुलासह बंदूक घेऊन अंगणात पहारा देत बसत. दिवसा आमवाताचे औषध शोधणारा शास्त्रज्ञ रात्री घराची राखण करीत होता!

येथे दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. ओक पार्कचे अनेक रहिवासी ज्युलियन कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी एकत्र येऊन या प्रकाराचा निषेध केला. देशातील सर्वसाधारण नागरी हक्क कायदा होण्यास १९६४ साल उजाडावे लागले, आणि घरांच्या खरेदी-विक्रीत व भाड्यात भेदभाव करण्यास मनाई करणारा स्थानिक नियम ओक पार्कने १९६८ साली केला. ॲपलटनप्रमाणेच येथेही गाव होते आणि गावचा नियम होता. यावेळी तो दार उघडणारा होता. त्या वस्तीतील एका शाळेला आज पर्सी ज्युलियन यांचे नाव आहे.

स्वतःची प्रयोगशाळा

१९५३ साली ज्युलियन यांनी ग्लिडन सोडली आणि शिकागोजवळ स्वतःची ‘ज्युलियन लॅबोरेटरीज’ काढली. मेक्सिकोतील एका रानटी कंदापासून संप्रेरके अधिक स्वस्तात मिळू लागली होती, म्हणून त्यांनी तेथेही कारखाना घातला. परवाने मिळविण्यात विलक्षण अडथळे आले आणि ते प्रकरण अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढेही गेले. त्याचा तपशील येथे नको. महत्त्वाचे हे की, नेमणुकांचा अधिकार प्रथमच पूर्णपणे त्यांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी ज्यांना दुसरीकडे कोणी घेत नव्हते अशा अनेक कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञांना काम दिले, आणि गोऱ्यांनाही घेतले. अर्ज पाहून ते काम विचारीत. १९६१ साली त्यांनी ही संस्था सुमारे २३ लाख डॉलरना विकली. ज्या डीपॉ विद्यापीठाच्या विश्वस्तांनी त्यांना प्राध्यापकपद नाकारले होते, त्याच मंडळावर १९६७ साली त्यांची निवड झाली. १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. हा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. त्या वेळी त्यांचे वय ७४ होते.

त्यांच्या चिकाटीविषयी बोलताना एक गोष्ट माझ्या मनात राहून राहून येते. प्रत्येक वळणावर त्यांच्याबरोबर अधिकाराच्या जागी बसलेला कोणी ना कोणी एक माणूस होता. ब्लँचर्ड नसते, तर १९२० मधील ती पत्रे हाच शेवटचा शब्द ठरला असता. श्पेट नसते, तर डॉक्टरेट नव्हती. ओब्रायन यांनी नेमणुकीच्या कागदावर सही केली नसती, तर तेलाच्या टाकीतील तो पांढरा गोळा बहुधा गटारात गेला असता. यांपैकी कोणी समाजसुधारक म्हणून प्रसिद्ध नाही. त्यांनी आपल्या खुर्चीवरून आपल्यापुरते काम केले. आणि चिकाटी अंगी असूनही ज्यांना असा एकही माणूस भेटला नाही, त्यांची चरित्रे लिहिली गेलेली नाहीत. ते किती होते, हे मोजण्याचे साधन नाही.

ज्युलियन यांच्या घरातील गोष्ट तेवढी सांगतो. पर्सीच्या पाठोपाठ त्यांच्या आईवडिलांनी आपले बिऱ्हाड ग्रीनकॅसलला हलविले, केवळ सर्व मुलांना तेथे शिकता यावे म्हणून. सहाही भावंडे पदवीधर झाली, दोघे भाऊ डॉक्टर झाले. बोटे तोडलेल्या त्या आजोबांनंतर हे घडण्यास दोन पिढ्या पुरल्या.

१९ एप्रिल १९७५ रोजी डॉ. ज्युलियन यांचे निधन झाले. डीपॉ विद्यापीठाने १९८० साली आपल्या गणित व विज्ञान भवनाला त्यांचे नाव दिले, अमेरिकन टपाल खात्याने १९९३ मध्ये त्यांचे तिकीट काढले. उत्तर आयुष्यात आपल्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहताना त्यांनी मात्र अशी खंत बोलून दाखविली होती की, आपण कदाचित एक चांगले रसायनशास्त्रज्ञ झालो, पण ज्या रसायनशास्त्रज्ञाचे स्वप्न आपण पाहिले होते, तो आपण होऊ शकलो नाही. शंभराहून अधिक पेटंटे आणि अकादमीचे सदस्यत्व पदरी असलेला माणूस हे बोलत होता. त्यांना निसर्गातील द्रव्यांची रचना उलगडीत विद्यापीठात राहावयाचे होते, विद्यार्थी घडवावयाचे होते. डीपॉच्या त्या लहान प्रयोगशाळेत पिक्ल आणि पदवीच्या मुलांबरोबर घालविलेली दोन-तीन वर्षे सोडली, तर ते काम त्यांना पुन्हा करावयास मिळाले नाही.